बिल्ल्यावरचं नाव

७ जुलै, सोमवार

जिंकले! कुलसचिव अगदी शेवटपर्यंत अडून बसले होते. "मॅडम, दारात यादी ठेवा, नाव पुकारा, खूण करा, मग आत सोडा. लग्नातसुद्धा मुलाकडचे की मुलीकडचे, एवढं तरी विचारतात!" मी म्हटलं, सर, यादी तुमच्या कार्यालयात आहेच, ती कुठे पळून जात नाही. नव्या मुलांचा पहिला पंधरवडा ती माझ्या दारात नको, एवढंच.

का नको, ते इथेही नीट मांडून ठेवते. वाद पुन्हा होणारच आहे. शाळा सोडून विद्यापीठात आलेलं मूल एका सकाळीत आपली सगळी ओळख हरवून बसतं. कालपर्यंत ते वर्गातलं हुशार होतं, कुणाचं तरी लाडकं होतं, गल्लीतलं कुणीतरी होतं. आज ते एक क्रमांक आहे. अशा वेळी चारचौघांत त्याचं नाव चुकीचं पुकारलं गेलं आणि शेजारचा फिस्सकन हसला, की ते कासवासारखं आत जातं. मग सहामाहीपर्यंत मान बाहेर काढत नाही. म्हणून माझी पद्धत – कोरा बिल्ला, जाड पेन, आणि स्वतःला आवडेल ते नाव स्वतःच्या हाताने. खरं, खोटं, लाडाचं, काहीही. कुणी कुणाला विचारायचं नाही. ओळखपत्रांचं काम दुसऱ्या आठवड्यात, सगळे रुळल्यावर.

आणि आज गळ्यांत काय काय लटकत होतं! ढब्बू. भूमिती. 'नंतर सांगतो'. प्रत्येक गटाला एक जुना विद्यार्थी सोबती दिला आहे; चौथ्या गटाच्या सोबत्याने स्वतःच्या उंचीला स्मरून 'उंट' लिहिलं. त्याच्याच गटात एक मुलगी आहे, लवंगी! बारीक चण, पण आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोहोचतो. दुपारपर्यंत ती इतरांना प्रयोगशाळांची इमारत दाखवत फिरत होती. त्या इमारतीत मी अजूनही चुकते!

८ जुलै, मंगळवार

घसा बसला. ह्यांनी गरम पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "इतकं समजावत राहिलीस तर नवी मुलं तिथेच जुनी होतील."

१० जुलै, गुरुवार

आज माझं सर्वांत आवडतं सत्र – 'अपयश घरी कसं सांगावं'. हे सत्र मी मुद्दाम पहिल्या आठवड्यात घेते, अपयश येण्याआधी. तहान लागल्यावर विहीर खणण्यात काय अर्थ?

लवंगीने हात वर केला. "मॅडम, पण ज्यांना सांगायचं, ते आधीच खूश होऊन बसले असतील तर?"

केवढा नेमका प्रश्न! मी फळ्यावर आकृती काढून उत्तर दिलं. आधी घटना, मग आपली भावना, शेवटी पुढचा विचार – या क्रमाने बोलावं, म्हणजे ऐकणाऱ्याला पाय टेकायला जमीन मिळते. ती एकाग्र होऊन लिहून घेत होती. उंट मागून म्हणाला, "लवंगे, अजून एक परीक्षा झाली नाही, आणि तू नापास व्हायची तयारी करतेस?" सगळे हसले. तीही हसली.

अशी विद्यार्थिनी गटात असली की शिकवणाऱ्याचा जीव सुपाएवढा होतो.

१४ जुलै, सोमवार

ठरवून टाकलं. रविवारी पालकांचा मेळावा आहे, नव्या मुलांच्या वतीने लवंगी बोलेल. उंट म्हणाला, "तिला बोलायला लावणं सोपं आहे मॅडम. थांबवायचं मात्र तुम्ही बघा."

तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा एकदम उतरला. "मी नको मॅडम. दुसरं कुणीही." मी म्हटलं, अगं, व्यासपीठाचं भय सर्वांनाच वाटतं, त्याची कारणं शास्त्रीय आहेत – आणि ती सगळी कारणं उभ्याउभ्या समजावून सांगितली. ती ऐकून घेत राहिली. अखेरीस "बरं" म्हणाली.

तिच्या वडिलांनी अवश्य यावं, असंही सांगून आले.

१६ जुलै, बुधवार

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

आज ओळखपत्रं. चौथ्या गटाची पाळी दुपारी आली. लवंगी समोर बसली तेव्हा फोटोवाला म्हणाला, "मॅडम, या मुलीचं नाव येत नाहीये." मी त्याच्या यंत्रावरच खेकसले. आडनाव आधी टाकून पाहिलं, नंतर टाकून पाहिलं, आईचं नाव घालून पाहिलं. रांग खोळंबली होती. मागून ढब्बू ओरडला, "लवंगी फुटली नाही वाटतं!"

मी म्हटलं, "बाळ, तुझा प्रवेश क्रमांक सांग."

तिने तो घडाघडा सांगितला. फोटोवाल्याने टाकला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, हा प्रतीक्षा क्रमांक आहे. प्रवेश नाही."

लवंगीने गळ्यातला बिल्ला काढला, टेबलावर ठेवला आणि निघून गेली. पळाली नाही. चालतच गेली. पळाली असती तर मी मागे तरी धावले असते.

१७ जुलै, गुरुवार

कुलसचिवांपर्यंत बातमी माझ्याआधी पोहोचली होती.

"म्हणजे दीड आठवडा एक तिऱ्हाईत मुलगी प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, सगळीकडे बिनदिक्कत फिरत होती. आणि वर तुम्ही तिला भाषण करायला लावणार होतात!"

"सर, तिने काही चोरलेलं नाही."

"जागा चोरली."

"जागा तिला मिळालेलीच नाही सर, हाच तर प्रश्न आहे."

त्यांनी चष्मा काढला. नियम वाचून दाखवला – तोतयेगिरी. एकदा नोंद झाली की पुढची पाच वर्षं इथे अर्जही करता येत नाही. मी म्हटलं, तोतया दुसऱ्याचं नाव घेतो. हिने कुणाचं घेतलं? हवं ते लिहा असं मीच सांगितलं होतं. दोषच द्यायचा तर पद्धतीला द्या, पद्धत माझी आहे.

बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. मग म्हणाले, "पालकांना ठाऊक आहे?"

"बहुधा नाही."

"मग ऐका. रविवारपर्यंत पालकाने इथे माझ्यासमोर यावं आणि स्वतःच्या तोंडाने सांगावं – आमच्या मुलीला प्रवेश नाही, हे आम्हाला माहीत आहे, ती उद्यापासून येणार नाही. तसं झालं तर मी याला गैरसमज म्हणेन. नाही झालं तर सोमवारी सकाळी कागद वर जाईल. मलाही मुलगी आहे, मॅडम. पण या खुर्चीला मुलगी नाही."

म्हणजे पोरीची पाच वर्षं वाचवायची, तर बापाला सांगायलाच हवं. इकडे आड, तिकडे विहीर.

१८ जुलै, शुक्रवार

तिने दिलेला फोन बंद. उंट दोनदा फिरून आला. पत्ता नाही. बिल्ल्यावर पत्ता नसतोच!

१९ जुलै, शनिवार

सापडली! फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानामागे, पायरीवर, मांडीवर दप्तर घेऊन. उंट तिला घेऊन आला. मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं, तो तिथूनच म्हणाला, "लवंगे, मी आहे इथे. रडायचं असेल तर मोठ्याने रड, मला ऐकू आलं पाहिजे." त्यावर ती आधी हसली, मग रडली.

हकीगत साधी होती. प्रतीक्षा यादीत ती अगदी वर होती. कुणीतरी म्हणालं, सरकणारच. तिने घरी सांगून टाकलं – झालं! वडील बसचालक. त्यांनी सगळ्या डेपोत गोड वाटलं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांनाही सांगू लागले. आणि यादी सरकलीच नाही.

"पण मग इथे का आलीस, बाळ?"

"रोज सकाळी घरातून निघून दुसरं कुठे जायचं, मॅडम?"

या प्रश्नाला माझ्याकडे आकृती नव्हती.

ती पुढे म्हणाली, "पहिल्या दिवशी मी बाहेरूनच बघणार होते. पण दारात कुणी काही विचारलंच नाही. पेन दिलं हातात."

मी कुलसचिवांची अट सांगितली. ती पांढरीफटक पडली. "तुम्ही सांगा ना पप्पांना. तुम्हाला किती छान समजावता येतं." कबूल करते, क्षणभर मोह झाला. मला खरंच छान सांगता आलं असतं. पण हे मी सांगितलं, तर ती जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून बोलेल. मी म्हटलं, मी शेजारी बसेन. बोलायचं तू.

दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "ते रागावले तर चालेल. ते गप्प झाले तर?"

उद्या सकाळी, मेळाव्याच्या आधी, माझ्या खोलीत.

२० जुलै, रविवार

वडील वेळेआधीच आले. कडक इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. खाली सभागृहात ध्वनिक्षेपक तपासत होते. उंटाचा "एक, दोन, तीन" खिडकीतून वर येत होता.

लवंगी भिंतीशी उभी. शब्द फुटेना. मला ती शांतता सोसवली नाही आणि मी सुरू झाले – "त्याचं असं आहे, संक्रमणाच्या काळात विद्यार्थ्यांच्या मनावर..." ते माझ्याकडे आदराने पाहत होते आणि माझी वाक्यं लांबत चालली होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय, ते आज मला स्वतःवरून कळलं.

"मॅडम, थांबा," लवंगी म्हणाली. "पप्पा, मला प्रवेश मिळाला नाही. मिळालाच नव्हता. मी खोटं बोलले."

घटना झाली. भावना नाही, पुढचा विचार नाही. माझा क्रम तिने केव्हाच टाकून दिला होता.

ते गप्प झाले! तिला जिची भीती होती, नेमकी तीच शांतता. तिने माझं मनगट धरलं, नखं रुतली. मग ते सावकाश उठले. "अस्सं," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पुढच्या वर्षी बघू. सकाळपासून काही खाल्लंयस का?"

ती त्यांच्या सदऱ्याला चिकटून हमसून हमसून रडली. इस्त्रीचं पार वाटोळं झालं.

कुलसचिवांपुढे ते उभ्यानेच बोलले. "माझ्या मुलीला प्रवेश नाही. आम्हाला माहीत आहे. उद्यापासून ती यायची नाही." कुलसचिवांनी मान डोलावली, फाईल मिटली आणि तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी अर्ज कर. माझी काही हरकत नसेल." मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारण्याआधीच मी म्हटलं, पुढच्या वर्षी दारात यादी असेल, सर. पण नाव पुकारलं जाणार नाही. यादीत नसेल त्याला बाजूला घेऊन खुर्ची द्यायची, आणि ते काम मी स्वतः करेन. "बघू," म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला अजून लागायचा आहे.

लवंगीच्या जागी उंट बोलला. वाईट बोलला. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

असे बाप असतात! ऐन धक्क्यात, काही तयारी नसताना, बरोबर तेच वाक्य. मी इतकी वर्षं पालकांना हे शिकवण्याचा प्रयत्न करते आहे. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बघ, तुझं सत्र न ऐकताही जमतं लोकांना."

२१ जुलै, सोमवार

कार्यालयात फोन आला. मागे इंजिनाची घरघर. लवंगीचे वडील.

"मॅडम, दोन मिनिटं गाडी उभी आहे. राहवलं नाही म्हणून फोन केला. रोज ती माझ्याच गाडीने यायची, तुमच्या फाटकाशी मीच उतरवायचो. पहिल्या दिवशी ड्युटी संपल्यावर परत आलो होतो. म्हटलं, तिथे फलकावर लेकीचं नाव लागलं असेल, बघून तरी येऊ. नव्हतं. खिडकीवर विचारलं, नाही म्हणाले. मग मैदानात बघतो तर ही पोरांना वाट दाखवतेय, हसतेय. निकाल लागल्यापासून घरात तिचा आवाज नव्हता, मॅडम. म्हटलं, स्वतःहून सांगेल तेव्हा सांगेल. काल सांगितलं. तेवढं तिच्याजवळ बोलू नका – तिला वाटू द्या, मला तिच्याकडूनच कळलं."