बॉयलरपुरती वीज

बाबा, हे घर तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही लीड्समध्ये फ्लॅटवर राहत होतो. हे शहराबाहेर आहे, टेकडीवरच्या एका लहान गावात, दगडी भिंतींचं. आम्ही दोघांनी म्हातारपणासाठी म्हणून घेतलं, पण ह्यांना इथे फार हिवाळे मिळाले नाहीत. तुमची नात कार्डिफला हॉस्पिटलमध्ये नोकरी करते, रविवारी फोन करते. मी अजून हॉस्पिटलच्या फार्मसीत जाते, आणि घरी आले की स्वतःशीच मराठीत बोलते. इथे ते ऐकणारं दुसरं कोणी नाही.

मागच्या हिवाळ्यात वादळ आलं आणि वीज गेली ती परत येईना. मी म्हटलं, आपलं हीटिंग गॅसवर, आपल्याला काय! पण बॉयलरला गॅस पेटवायला आणि गरम पाणी रेडिएटरमधून फिरवायला वीजच लागते, हे इतकी वर्षं इथे काढून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नळीत गॅस होता आणि घर गारठत चाललं होतं. मी ह्यांचा स्वेटर आणि त्यावर माझा कोट घालून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. शेजारचा म्हातारा होता, बसवर ड्रायव्हर होता पूर्वी, बायको गेल्यापासून एकटाच राहतो. आमचं बोलणं तोवर कचऱ्याचे डबे कधी बाहेर ठेवायचे एवढ्यापुरतंच. त्याने ट्रॉलीवर एक जादा जनरेटर ओढत आणला होता आणि खांद्यावर वायर होती, दोन्ही टोकांना प्लग लावलेली. "एक टोक ह्यात, दुसरं तुझ्या किचनच्या सॉकेटमध्ये," तो म्हणाला. "सगळं घर चालू होईल, लव्ह. माझं तसंच चाललंय." इकडे कुणालाही 'लव्ह' म्हणायची पद्धत आहे.

ती वायर पाहिली आणि मी थेट आर्वीच्या आपल्या वीज मंडळाच्या क्वार्टरमध्ये पोहोचले. शाळेतून आले आहे, आणि तुम्ही भलत्या वेळी घरी, ओट्याला टेकून उभे आहात. आईने ताट वाढलंय, तुम्ही त्याकडे बघतही नाही. सकाळी तुमच्या ऑफिसातले लाइनमन काका खांबावर चढले होते. लाइन तुम्ही बंद करून दिली होती. पण बाजारात कुठल्याशा दुकानदाराने आपला जनरेटर सरळ वायरिंगला जोडला, आणि ती वीज उलटी फिरून, ट्रान्सफॉर्मरमधून वाढत वाढत वरच्या तारेत गेली. काका खांबावरच गेले. दर संक्रांतीला आपल्याकडे तिळगूळ खायला येणारा माणूस. "मी बंद केली होती गं लाइन," तुम्ही म्हणता, आणि आई उगाच ताटावर झाकण ठेवते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामाकडच्या लग्नात वीज गेली, आणि मामाने तसाच जनरेटर जोडला, तेव्हा भरल्या मांडवात तुम्ही तो बंद केलात. मामा ओरडला, "अहो भाऊजी, पंगत बसलीय! अंधारात जेवायचं का लोकांनी?" तुम्ही आवाजही चढवला नाहीत. "जेवू दे. खांबावर कोण चढलंय ते तुला इथून दिसतंय का?" मामा मग कित्येक वर्षं आपल्याकडे आला नाही. आईने ते तुम्हाला मनातून कधी माफ केलं असेल, असं मला वाटत नाही.

मी शेजाऱ्याला नको म्हटलं. तो म्हणाला, "अगं, मेन स्विच आधी बंद करायचा, मग काही होत नाही."

"आणि एखाद्या वेळी विसरला तर? तारांवर माणसं काम करत असतील."

"मी वर्षानुवर्षं हेच करतोय."

"माहीत आहे. तरी नको."

त्याचा चेहरा उतरला. तो ट्रॉली ओढत परत गेला आणि मी दार लावून तिथेच उभी राहिले. ह्यांच्यामागे आपणहून माझं दार वाजवणारा तो पहिला माणूस होता, आणि मी त्याला परत पाठवला होता. थंडीपेक्षा ते जास्त बोचलं, बाबा.

उजेड सरायच्या आत लाइनची माणसं गल्लीच्या टोकाला आली. पट्टे बांधून वर चढली ती एक मुलगी होती, आपल्या नातीच्या वयाची. वारा इतका की खाली उभ्या माणसाचं हेल्मेट उडालं. मी फाटकाशी उभी होते. शेजारीही येऊन उभा राहिला, मान वर करून. माझ्याकडे न बघता म्हणाला, "घरी जाऊन माझा बंद करून आलो." एवढंच. मग वीज येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.

वसंतात तोच मला गाडीतून दुकानात घेऊन गेला. त्याची नजर सगळ्यात मोठ्या जनरेटरवर. मला फक्त बॉयलर चालवायचा होता, म्हणून मी लहान इन्व्हर्टर जनरेटर घेतला. त्याची वीज एकसारखी येते आणि बॉयलरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला ती मानवते. मग रीतसर इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने बॉयलरच्या शेजारी चेंजओव्हर स्विच बसवला: एकतर बाहेरची लाइन, नाहीतर जनरेटर, दोन्ही एकमेकांना भेटूच शकत नाहीत. अर्थिंग तपासलं, कारण ते नीट नसेल तर बॉयलरला आपली ज्योत पेटल्याचं कळत नाही आणि तो बंद पडतो. जनरेटर बागेत, खिडक्या-दारांपासून लांब. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, म्हणून घरात अलार्मही लावला. सगळं झाल्यावर त्याने घराची लाइन बंद केली, बाहेर इंजिन धडधडलं आणि बॉयलरमध्ये निळी ज्योत उभी राहिली. शेजारी म्हणाला, "मलाही असाच बसवून दे." मी रेडिएटरवर हात ठेवला, आणि तो कोमट व्हायला लागला तेव्हा तुम्हाला फोन करावासा वाटला. लेकीला केला. ती ड्युटीवर होती. "ग्रेट, आई," म्हणाली, "नंतर बोलते."

हे पत्र मी कुठे पाठवणार? क्वार्टरमध्ये आता दुसरे कोणी राहत असतील. तेव्हा पाठवायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. जनरेटर मधूनमधून चालवून बघावा लागतो. मी तो दर शनिवारी सकाळी चालवते. आवाज ऐकून शेजारी चहाचा मग घेऊन कुंपणाशी येतो, "नीट चालतोय ना?" विचारतो, आणि मग आम्ही थोडा वेळ बोलतो, हवेबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, ह्यांच्याबद्दल. दर आठवड्याला चालवा असं माहितीपुस्तिकेत लिहिलंय, असं मी त्याला सांगितलंय. तसं काही लिहिलेलं नाही, बाबा.