तळहातावरचा वारा

देवगड,
१२ जुलै

प्रिय दत्ताराम,

पत्राचे कारण पहिल्या ओळीत सांगावे, असे मी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. आज तो नियम मीच मोडतो आहे. कारण शेवटी सांगेन. तेवढे बळ गोळा करायला मला मधली पाने हवी आहेत.

तुझ्या नातीच्या, संचिताच्या, वर्गात मी गेलो तो भांडायला. फोंडाघाटहून आलेल्या अनुजाबाई पहिलीला महिनाभर शिकवीत आहेत आणि अजून बाराखडीचे नाव नाही, असे कानावर आले होते. मी हाताने रंगवलेला तक्ता, ‘ग गणपतीचा’, ‘त तलवारीचा’, तोही त्यांनी भिंतीवरून उतरवून कपाटामागे ठेवला होता. निवृत्त होऊन एकवीस वर्षे झाली तरी त्या भिंतीवर माझा हक्क आहे, असे मी समजत होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, “गुरुजी, आधी तासभर बसा. मग रागवा.” मी मागच्या बाकावर बसलो.

त्यांनी मुलांना तोंडासमोर तळहात धरायला लावला. आधी प म्हणायचे, मग फ. प म्हणताना हाताला जेमतेम काही जाणवले. फ म्हणताच साऱ्या वर्गाच्या तळहातांवर वारा फुटला आणि पोरे खिदळू लागली. दत्ताराम, अल्पप्राण आणि महाप्राण ह्यांच्या व्याख्या मला झोपेत विचारल्या तरी मी बिनचूक सांगेन. पण तो प्राण हाताला लागतो, हे मला एकोणऐंशीव्या वर्षी कळले. कोणी पाहत नाही असे बघून मीही हात वर केला. लागला.

मग बाईंनी विचारले, कोणता आवाज कुठे वाजतो? संचिता गळ्याला बोट लावून ओरडली, “क हय वाजता, बाई!” मग दोन्ही ओठ चिमटीत धरून म्हणाली, “आणि प हय!” तिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत. त म्हणायला गेली, तर नुसती शिट्टी निघाली. “बाई, माझो त पळता!” सारा वर्ग हसला आणि तीही हसली. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य हे मी मुलांकडून घोकून घेतले होते, चुकणाऱ्यांना उभे केले होते. पण एकाही मुलाला तोंड उघडायला सांगितले नव्हते. ज्या वर्णमालेचा मला एवढा अभिमान, ती कोणी तरी गळ्यापासून ओठांपर्यंत क्रमाने चालत जाऊन रचली आहे, आणि ती वाट एका बोळक्या तोंडाच्या पोरीने माझ्यासमोर सहज चालून दाखवली. देवळातही माझे हात इतक्या मनापासून जुळलेले मला आठवत नाहीत.

त्यानंतर बाईंनी फळ्यावर तीन अक्षरे लिहिली आणि तिला पुढे बोलावले. तिने एकेक आवाज काढला, ग, व, त. मग तेच आवाज भरभर जवळ आणले, आणि एकदम तिचे डोळे मोठे झाले. “गवत!” हे तिला कोणी सांगितले नव्हते. नुसत्या खडूच्या रेघांतून तिने गवत उगवले.

हाच शब्द मी तुला विचारला होता. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, त्याच फळ्यावर. तू तक्त्याकडे पाहिलेस आणि मोठ्या विश्वासाने वाचलेस, “गणपती, वजन, तलवार.” वर्ग हसला. मीही हसलो. तुला बाकावर उभे केले आणि संध्याकाळी बंदरावर तुझ्या वडिलांना, बाबलींना, गाठून सांगितले, “ह्याच्या डोक्यात अक्षर शिरायचे नाही. होडीवर न्या.” माझा शब्द त्यांनी प्रमाण मानला. दुसऱ्या दिवशी तुझी जागा रिकामी होती आणि मला, लिहायला लाज वाटते, हायसे वाटले.

दत्ताराम, तू चुकला नव्हतास. मी जे शिकवले तेच तू तंतोतंत वाचलेस. मी चित्रे दिली आणि आवाज मागितले. वर्गातला सर्वांत आज्ञाधारक मुलगा मी मठ्ठ ठरवला.

अनुजाबाईंचा तास संपताना मी खिडकीबाहेर पाहिले. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी असल्यामुळे नातीला न्यायला तूच येतोस. पागोळ्यांखाली तू उभा होतास, आणि ज्या हाताने तू वादळात सुकाणू धरतोस तो हात तुझ्या तोंडासमोर होता. ओठ हलत होते. प. फ. मला पाहताच तू हात खाली घेतलास आणि म्हणालास, “छत्री इसारलंय, गुरुजी.” वाक्यात एकही चूक नव्हती, फक्त छत्री तुझ्या काखेत होती.

आता कारण सांगतो. बंदी उठायला एकोणीस दिवस उरले आहेत. उद्या दुपारी, तुझी होडी शाकारून ठेवली आहे तिथे, माडाच्या झापांखाली मी येणार आहे. तक्ता आणणार नाही. अनुजाबाईंच्या मागच्या बाकावर बसून जे शिकलो तेवढेच घेऊन येईन. तू हाकलून दिलेस तर परत फिरेन, तो तुझा अधिकार आहे. एकोणीस दिवस पुरणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पुढच्या बंदीचा भरवसा माझ्या वयाचा माणूस देऊ शकत नाही, म्हणून पाकीट बंद करून अनुजाबाईंकडे ठेवतो आहे. हे पत्र तुला कोणीही वाचून दाखवायचे नाही, संचितानेसुद्धा नाही. ज्या दिवशी तू स्वतः वाचू शकशील त्याच दिवशी ते तुझ्या हाती द्यावे, असे त्यांना बजावले आहे. त्यातील एकही जोडाक्षर मी सोपे केलेले नाही. तुझ्यासाठी सोपे लिहिणे म्हणजे तुला दुसऱ्यांदा बाकावर उभे करणे झाले असते. तेव्हा हा कागद तुझ्या हातात असेल, तर तू मला हाकलले नाहीस. माझी चूक तू माझ्याच अक्षरात वाचलीस, हे मला पुरे आहे. उत्तर लिहावेसे वाटले तर लिही. मी ते तांबड्या शाईने तपासणार नाही.

तुझाच,
भाईगुरुजी