प्रवाशांची यादी

प्रिय शांतवनदादा,

बिशप झाल्यापासून तू आष्टीकडच्या जंगलातल्या लोकांच्या जमिनीसाठी भांडून राह्यला. मी मात्र पिपरीच्या चर्चमध्ये तेच जुनं काम करते. दर रविवारी प्रार्थनेआधी प्रवासाले जाणाऱ्यांची यादी वाचते. कोण, कधी, कोणत्या रस्त्यानं, म्हणजे मंडळी नाव घेऊन प्रार्थना करते.

या रविवारी तुयं नाव वाचलं: गुरुवारी सकाळी, आर्वीच्या रस्त्यानं आष्टीले. मागच्या बाकावर दोन अनोळखी माणसं होते. निघताना एकानं विचारलं, "साहेबांसोबत कोण राहीन?" मी म्हटलं, "कोणीच नाई, दादा गाडी स्वतःच चालवते." वरून त्यायले चहा पाजला.

काल फोनवर हेच सांगाचं होतं. आधी त्या जमिनीपायी तुले येणाऱ्या धमकीच्या चिठ्ठ्यांचं विचारलं, तर तू हसला. म्हणाला, "तुमची प्रार्थना आहे न." मंग त्या दोघांचं न सांगताच मी फोन ठेवला.

पोचल्याचा फोन आला की मी नावावर रेघ मारते. तू आज अकराले पोचणार होता. आता चार वाजले. तुया फोन बंद आहे, हे पत्र कुठं धाडू समजत नाई.

यादीतले बाकी सारे पोचले.

तुयी लहान बहीण,
सलोमी