बुद्धिबळ कशावर चालवायचं

अप्पा, पाच वाजता मला एका फोनवर एकच शब्द सांगायचा आहे. अंधांच्या एका संस्थेला बोलणारं बुद्धिबळ हवंय. समोरच्याची चाल कानानं ऐकायची, आपली तोंडानं सांगायची. पैसे आणि वेळ एकाच सिस्टिमपुरते आहेत. काँप्युटरवरचं लिनक्स की मोबाईलवरचं अँड्रॉइड? दोन वर्षं खपून मी ते लिनक्ससाठी लिहिलंय. मोबाईलवर जायचं तर त्यातलं निम्म्याहून जास्त काम केरात. सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसात भागीदार डोकं खातोय, "ताई, दोन डगरींवर पाय नका ठेवू. एक धरा की." तो वयानं लहान आहे आणि बरोबर बोलतो, म्हणून जास्तच राग येतो.

तुम्ही युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर. जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या ताग्यांवर पट मांडून भल्याभल्यांना पाणी पाजायचात. साखरेच्या आजारानं डोळे गेले. जोडीदारांनी महिनाभर चाली सांगून तुमच्याशी डाव मांडले, मग कंटाळले. तुम्ही कुणाची मनधरणी केली नाहीत. मी तेव्हा नवीनच शिकून आले होते. म्हटलं, अप्पांना एकट्यानं खेळता येईल असं काहीतरी करून देते. जुन्या काँप्युटरवर लिनक्स चढवलं. आई चुलीपाशी भाकरी थापत म्हणाली, "मोबाईल बोलतोय आन् हे ऐकत्यात. त्याच्यावरच कर की." मी हसले. मोबाईल म्हणजे खेळणं, एवढी माझी अक्कल. प्रोग्रॅम सुरू करायला कोणती अक्षरं दाबायची ते मी तुमच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं. एकदा बोट चुकलं नि मी खेकसले. तुम्ही दोन्ही हात मांडीवर घेतलेत. "मला खेळायचंय गं. हे शिकायचं न्हाय." मी ते कानाआड केलं. पुढं रोज संध्याकाळी जेवताना मी विचारायची, आज कोण जिंकलं? आणि तुम्ही भाकरी मोडता मोडता सांगायचात, "मीच की. घोडा आत घातला, त्याचा वजीर अडकला बघ." मला केवढा अभिमान वाटायचा.

आज सकाळी संस्थेतर्फे जेऊरहून एक बाई खेळ तपासायला आल्या होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. भावाचा हात धरून रेल्वेनं आल्या. तासभर माझ्या काँप्युटरवर बसल्या. खेळ पक्का, पण प्रत्येक डाव सुरू करताना अडखळायच्या, आणि मी त्यांची बोटं धरून कीबोर्डवर ठेवायची. उठताना म्हणाल्या, "लई छान केलंय ताई. खेळीन की." तो सूर माझ्या ओळखीचा होता. मी दारात त्यांना थांबवलं. "खरं सांगा, घरी काँप्युटर आहे?" त्या म्हणाल्या, "न्हाय. मोबाईल हाय. तुमी येवढं केलंय, वाईट कशाला वाटू द्यायचं?" भागीदार माझ्याकडे न बघता कपात चहा ओतत राहिला. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. त्याचा काय दोष होता?

इथवर लिहिलं आणि पाचला दहा मिनिटं असताना मीच फोन लावला. अँड्रॉइड, मी म्हणाले. भागीदाराला कारण दिलं की मोबाईल सगळ्यांकडे असतो. तेही खोटं नाही. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून उरलेलं तुम्हाला सांगते. तुमच्या काँप्युटरवरचा तो प्रोग्रॅम खेळलेला प्रत्येक डाव साठवून ठेवायचा. तुम्ही जायच्या दोन महिने आधी, तुम्ही सकाळी तपासणीला दवाखान्यात गेला होतात तेव्हा, मी ते डाव उघडून पाहिले. तीनच होते, मी शेजारी बसून खेळवलेले. त्यानंतर एकही नाही. त्या संध्याकाळी जेवताना मी तुम्हाला विचारलं, अप्पा, आज कोण जिंकलं? तुम्ही सांगत गेलात, आणि मी शेवटच्या चालीपर्यंत ऐकून घेतलं.