मागचे मॅनेजर का गेले?

राजुरी,
मंगळवार

प्रिय सुदर्शनराव यांस दाजींचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमच्या ताईचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही (आपल्या घराला जिना नाही, तेव्हा हे तिला कळलं कसं ते विचारू नका). मंचरला तुमचं ठिबक सिंचनाचं दुकान चांगलं चाललंय असं कानावर आहे. सासूबाईंना दंडवत सांगा. पत्राचं कारण म्हणजे गेले तीन महिने तुम्ही माझा फोन उचलत नाही. राग आहे, तो असावाच. पण पाकीट काही वाजत नाही, म्हणून हा मार्ग.

तर आपल्या शेतकऱ्यांच्या भाजीपाला कंपनीतली तुमची मॅनेजरची खुर्ची अजून रिकामीच होती (म्हणजे तीवर सावळेरामतात्या पेपर वाचत बसायचे). शेवटी परवा रविवारी मुलाखती ठेवल्या. घेणारे आम्ही तिघं संचालक: तात्या, रामनाथ आणि मी. पहिले चार उमेदवार फार गोड निघाले. आम्ही काहीही विचारलं की ते हो म्हणत. रामनाथनं कुठंतरी मोबाईलवर पाहिलं होतं, की शेवटी उमेदवारालाही काही विचारायचंय का असं म्हणायचं असतं. त्यानं चौघांनाही तसं म्हटलं, चौघंही "नाही सर" म्हणून नमस्कार करून गेले. आम्हाला वाटलं, ही रीतच आहे.

पाचवी आली तेजस्विनी. आंबेगावच्या डोंगराकडच्या भातशेतीवाल्यांची मुलगी, अवसरीला इंजिनिअर झालेली, दोन वर्षं कोल्ड स्टोरेज सांभाळलेली. रामनाथनं आपलं वाक्य टाकलं, तर तिनं पर्समधून कागदच काढला.

पहिलं तिनं विचारलं, की मी काम चांगलं करते हे तुम्ही सहा महिन्यांनी कशावरून ठरवाल? तात्या म्हणाले, माणूस सकाळी नऊला खुर्चीवर दिसला की काम चांगलं. रामनाथ म्हणाला, मॅनेजर खुर्चीवर दिसताच कामा नये, तो बांधावर पाहिजे. मी मधे पडून अर्धा दिवस खुर्ची आणि अर्धा दिवस बांध असं सुचवलं, तर दोघंही माझ्यावर उलटले. बाई शांतपणे लिहून घेत होती. मग म्हणाली, "तिघांनी तीन कामं सांगितली, तर मी कुणाचं ऐकायचं?"

"माझं," आम्ही तिघं एकदम म्हणालो. आजवर संचालक मंडळाचं एकमत झालेलं मी एवढंच पाहिलं.

मग आला तिसरा प्रश्न. "आधीचे मॅनेजर का गेले?"

मी चटकन म्हणालो, घरगुती कारण.

"खरं हाय," तात्या म्हणाले. "ते ह्यांच्या घरचंच व्हते."

तो टोमॅटोचा ट्रक डोळ्यांपुढं आला. तात्यांनी तुम्हाला फोन करून तो नारायणगावला न्यायला सांगितलेला, रामनाथनं पुण्याला, आणि मी भाव कळेपर्यंत हलवू नका म्हणालेलो. माल आळेफाट्यावर दिवसभर उन्हात उभा राहिला आणि संध्याकाळी सगळ्यांच्या देखत मी बोललो तुम्हाला. तुम्ही किल्ल्या टेबलावर ठेवून गेलात.

बाईनं विचारलं, त्यांच्याशी मी बोलले तर चालेल का, नंबर द्याल? रामनाथ नको अशी मान हलवत होता. मी तुमचा नंबर देऊन टाकला. विचार करून दोन दिवसांत कळवते म्हणाली आणि गेली. तात्या दाराकडं बघत म्हणाले, "बाळासाहेब, मुलाखत आपन घेतली का तिनं?"

तेव्हापासून आम्ही निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखे आहोत. कालच ठराव केला, की तिघांच्या सह्या असलेल्या चिठ्ठीशिवाय मॅनेजरला काम सांगायचं नाही. आतापर्यंत एकाच चिठ्ठीवर तीन सह्या झाल्यात: ऑफिसात नवा पंखा बसवणे. तरी पण सुधारणा आहे.

आपला,
बाळासाहेब

ता. क. १ : खरं काम हे. ती तुम्हाला फोन करील. तिचा तरी उचला, आणि कृपा करून 'घरगुती कारण' एवढंच सांगा.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधीच तिचा फोन आला. एक तारखेपासून येते म्हणाली. आणि हेही म्हणाली, की अर्ज करण्याआधीच ती तुमच्या दुकानात येऊन गेली होती, आणि तिन्ही प्रश्न तुम्हीच लिहून दिलेत. नंबर मागितला तो आम्ही देतो का हे बघायला. 'माणसं वाईट नाहीत, फक्त तिघांना एका खोलीत बसवून विचारा,' असं तुम्ही म्हणालात म्हणे. हे सांगितल्यावर तुमची ताई माझ्याकडं बघून बराच वेळ हसत होती. त्या दिवशी चूक माझी होती, सुदर्शनराव. रविवारी मासवडीचा बेत आहे, या.

ता. क. ३ : हे प्रश्न तुम्ही स्वतः आम्हाला कधी का विचारले नाहीत, असं लिहिणार होतो. मग आठवलं. तुमची मुलाखत आम्ही घेतलीच नव्हती. जेवणाच्या ताटावर मी तुम्हाला "उद्यापासून या" म्हणालो होतो, आणि तुमच्या तोंडात घास होता.