वॅक्सफ्लॉवरला लाल फीत

३ जानेवारी
वॅक्सफ्लॉवर आणि टी-ट्री ही दोन वेगळी झुडपं आहेत. मेव्हण्यांनी स्वतः दुजोरा दिला, जरा मोठ्या आवाजात. दोन्ही ऑस्ट्रेलियाची, दोन्ही बुकेसाठी. मेव्हण्यांच्या शेतात लावताना सरमिसळ झाली, पाट्या उन्हाने कोऱ्या झाल्या, फुलायला अजून वेळ आहे. येत्या रविवारी खरेदीदार येणार. त्याला फक्त वॅक्स हवंय. तोवर सगळी ओळखून दिली की मी सुपरवायझर. सोपं आहे.

४ जानेवारी
सोपं नाही. सगळी हिरवी आहेत.
बायको म्हणाली, "अहो, ही तिसरी नोकरी. हीही घालवलीत तर मी दादाकडेच राहीन." दादा म्हणजे मेव्हणेच. नोकरी आणि संसार, दोन्हींचा मालक एकच.

६ जानेवारी
मेव्हणे म्हणाले, पान चुरगाळून हुंगा, वॅक्सला लिंबाचा वास येतो. दिवसभर हुंगलं. दुपारी डब्यातल्या भातालाही लिंबाचा वास. मेव्हणे ओरडले, "भाऊजी, मध्ये मध्ये हात धुवा!" हे आधी सांगायला हवं होतं.

७ जानेवारी, सकाळी
जमलं! टी-ट्रीच्या फांदीला टणक बोंडं चिकटलेली असतात, वॅक्सला नसतात. शर्टाची बाही अडकून फाटली तेव्हा कळलं. शास्त्रज्ञांचंही असंच होतं.
शेडमध्ये लाल फितीचं अख्खं रीळ पडून होतं. प्रत्येक वॅक्सला एकेक बांधली. मुकादम म्हणाला, "साहेब, एवढी सगळी?" म्हटलं, एकही सोडायचं नाही.
साहेब म्हणाला!

८ जानेवारी
या शेतात लाल फीत म्हणजे रोगट झुडूप, मुळासकट उपटायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मेव्हणे म्हणतात, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा मी बहुधा मान डोलावत असेन.
मुकादमाने खरंच एकही सोडलं नाही.
मेव्हणे ढिगापाशी उकिडवे बसले. एकेक फांदी उचलून पान चुरगाळत, हुंगत राहिले. शेवटी म्हणाले, "एकही चुकलं नाही हो तुमचं." आवाज अगदी हळू. ओरडले असते तर बरं झालं असतं.
आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के निकाल. बायको दादाला चहा द्यायला गेलीय. अजून आलेली नाही.

९ जानेवारी
सगळी परत खड्ड्यांत उभी केली, पाणी घातलं, बोललोसुद्धा त्यांच्याशी. दुपारपर्यंत माना टाकल्या. फिती तेवढ्या सोडून घेतल्या.
बायकोची साडी मेव्हण्यांच्या दोरीवर वाळतेय.
उद्या खरेदीदार येणार. मेव्हण्यांचा निरोप आहे, त्याला प्लॉट तुम्हीच दाखवा. ओळखण्यात आता काहीच अडचण नाही. उभी आहेत ती टी-ट्री.