बिलबुकांचं शेवटचं गिऱ्हाईक

मंगळवार, संध्याकाळ

आज खडकीचे सुर्वे प्रेसमध्ये आले. त्यांच्या वर्कशॉपची बिलबुकं बाबांच्या काळापासून आम्हीच छापतो.

"ताई, ई-बिल सक्तीचं झालं. आता पुस्तकं नकोत."

"अहो, फोनवर सांगायचं. एवढ्या लांब कशाला आलात?"

"तुमच्या बाबांनी माझं नाव पहिल्यांदा छापलं. नाही म्हणायला समोर यायला नको?"

तेव्हा त्यांनी नोकरी सोडून नुकतं वर्कशॉप काढलेलं. ओल्या शाईवरच बोट फिरवून स्वतःचं नाव वाचत होते, बाबा रागावले तरी. ते ओलं नाव मला आजच इतकं का आठवावं?

चहा झाला तरी सुर्वे उठेनात.

"मशीन जरा चालू करता? आवाज ऐकून जातो."

मी कागद न लावताच चालू केलं. दोघं उभ्यानेच ऐकत राहिलो.